लष्कराच्या भाकऱ्या आणि एक डिक्शनरी

‘कशाला हव्यात या लष्कराच्या भाकऱ्या?’ हे वाक्य ज्या बाईनं आयुष्यात एकदाही ऐकलं नाही, अशी समितीवर काम करणारी बाई मला तरी अजून भेटायची आहे. मंडळाची चिटणीस व्हा, वाचनालयाच्या कार्यकारिणीवर जा, नाहीतर कुणाच्या दिवाळी अंकाची प्रुफं फुकटात तपासून द्या. घरातलं कुणी ना कुणी विचारणारच, यातून तुला मिळतं काय? गेली बारा वर्षं मी आमच्या महिला मंडळाची चिटणीस आहे. मंडळाचा वार्षिक अंकही मीच संपादित करते. त्यामुळे या प्रश्नाची मला आता सवय झाली आहे.

म्हणूनच आज एका अशा माणसाची गोष्ट सांगावीशी वाटते, ज्यानं एका मंडळाची चिटणिशी बिनपगारी केली आणि तीही तब्बल सत्तावन्न वर्षं! त्यांचं नाव फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसेल, पण त्यांनी ज्या कामाला हात घातला ते काम आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मुलांच्या शाळेच्या निमित्तानं ऑक्सफर्डची एखादी छोटी डिक्शनरी बहुतेक घरांत येतेच. त्या सगळ्या छोट्या डिक्शनऱ्यांची थोरली बहीण म्हणजे कित्येक खंडांची मोठी ऑक्सफर्ड डिक्शनरी. ती सुरू झाली कशी, तर लंडनमधल्या एका हौशी मंडळाच्या तीन जणांच्या समितीतून. त्या तिघांतले एक फर्निव्हल.

त्यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८२५ चा, इंग्लंडमधल्या एगम या गावचा. वडील डॉक्टर होते. फर्निव्हल केंब्रिजला शिकले, वकील झाले, पण वकिलीत त्यांचं मन काही रमलं नाही. वयाच्या बाविसाव्या वर्षी, म्हणजे १८४७ मध्ये, ते लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीचे सभासद झाले. भाषेचा आणि शब्दांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्वानांचं हे मंडळ. १८५३ मध्ये त्यांच्याकडे मंडळाची चिटणिशी आली. सुरुवातीला जोडीला आणखी एक जण होता, १८६२ पासून ते एकटेच. मग १९१० मध्ये मृत्यू येईपर्यंत ते पद त्यांच्याकडेच राहिलं.

हा माणूस एका खुर्चीला चिकटून बसणारा मात्र नव्हता. १८५४ मध्ये लंडनमध्ये कामगारांसाठी वर्किंग मेन्स कॉलेज निघालं. दिवसभर राबून आलेल्या माणसांना संध्याकाळी शिकायला मिळावं म्हणून. ते काढणाऱ्यांत फर्निव्हल होते आणि तिथे ते इंग्रजी व्याकरण नि साहित्य शिकवत. रविवारी विद्यार्थ्यांना घेऊन सहलीला जात. रविवार हा प्रार्थनेचा वार, त्या दिवशी असली मौजमजा कसली, म्हणून कॉलेजच्या धार्मिक वृत्तीच्या प्रमुखांशी त्यांचे खटके उडाले. पण सहली काही थांबल्या नाहीत. स्वतः शाकाहारी, दारूला न शिवणारे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये हेसुद्धा जगावेगळंच!

१८५७ साल आपल्याला उठावासाठी आठवतं. मराठीपुरतं बोलायचं तर त्याच वर्षी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी, वाढवलेली आवृत्ती मुंबईत निघाली. नेमक्या त्याच वर्षी लंडनमध्ये या सोसायटीनं एक समिती नेमली. त्या वेळच्या इंग्रजी कोशांत जे शब्द आलेलेच नाहीत, ते गोळा करायचे, एवढंच तिचं काम. समितीत रिचर्ड ट्रेंच हे धर्मगुरू, हर्बर्ट कोलरिज हा तरुण अभ्यासक आणि आपले फर्निव्हल. कामाला लागल्यावर लक्षात आलं, की जुन्या कोशांना ठिगळं लावून भागणार नाही. १८५८ च्या जानेवारीत सोसायटीनं ठरवलं की नवाच कोश करायचा. प्रत्येक शब्द पहिल्यांदा कुठे आला, मग त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला, हे पुस्तकांतले दाखले देऊन दाखवायचं.

आता इतकी पुस्तकं वाचणार कोण? मंडळाकडे पैसा नव्हता. मग तोच मार्ग, जो आपण सगळ्याजणी जाणतो. स्वयंसेवक! लोकांना आवाहन केलं. ज्याला वाटेल त्यानं एक पुस्तक घ्यायचं, वाचता वाचता महत्त्वाचा शब्द दिसला की कागदाच्या चिठ्ठीवर तो शब्द, ते वाक्य, पुस्तकाचं नाव आणि साल लिहायचं नि चिठ्ठी पाठवून द्यायची. कोलरिज पहिला संपादक. त्यानं या चिठ्ठ्यांसाठी चौपन्न कप्प्यांचं एक लाकडी कपाट करून घेतलं. पण १८६१ मध्ये अवघ्या तिसाव्या वर्षी क्षयानं तो गेला. आणि संपादकपदाची धुरा छत्तीस वर्षांच्या फर्निव्हल यांच्या खांद्यावर आली.

इथून पुढची गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण ती कुठल्याही मंडळाची असू शकते.

फर्निव्हल यांचा उत्साह दांडगा. त्यांनी अक्षरं वाटून दिली. हे अक्षर तुमच्याकडे, ते अक्षर त्यांच्याकडे. असे कितीतरी बिनपगारी उपसंपादक इंग्लंडभर घरोघरी कामाला लागले. त्यांत बायकाही होत्या. त्या काळातल्या नावाजलेल्या कादंबरीकार शार्लट यंग यांच्याकडे ‘एन’ हे अक्षर होतं. मग फर्निव्हल यांच्या ध्यानात आलं, की जुन्या इंग्रजीतले कितीतरी ग्रंथ अजून हस्तलिखितातच पडून आहेत. ते छापलेच नाहीत, तर लोक वाचणार कसे आणि शब्द सापडणार कसे? म्हणून १८६४ मध्ये त्यांनी नवी संस्था काढली, अर्ली इंग्लिश टेक्स्ट सोसायटी. वर्षाला एक गिनी वर्गणी भरायची आणि त्या वर्षी छापलेली पुस्तकं घरी घ्यायची. चॉसर या जुन्या कवीसाठी १८६८ मध्ये चॉसर सोसायटी. ‘कँटरबरी टेल्स’च्या सहा हस्तलिखितांचे पाठ शेजारी शेजारी छापून त्यांनी अभ्यासकांची केवढी तरी सोय केली. त्याच वर्षी जुन्या लोकगीतांसाठी आणखी एक सोसायटी. १८७३ मध्ये शेक्सपिअरसाठी एक. १८८१ मध्ये कवी ब्राउनिंगसाठी एक, आणि ब्राउनिंग तेव्हा हयात होते! पुढे शेलीसाठीही एक. एक मंडळ जरा रांगेला लागलं, की यांच्या मनात दुसऱ्याची घोषणा तयारच असे.

या सगळ्यात मूळ डिक्शनरीचं काय झालं? जे व्हायचं तेच. सुरुवातीचा जोर ओसरला. उपसंपादकांपैकी कुणी म्हातारं झालं, कुणी गाव बदललं, कुणी मरण पावलं. कुणाकडे किती चिठ्ठ्या आहेत, याचा नीट हिशेब उरला नाही. सत्तरच्या दशकात तर काम जवळजवळ ठप्पच झालं. तेव्हा फर्निव्हल यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सोसायटीत आणलेले जेम्स मरे नावाचे एक शाळामास्तर त्यांनी हेरले होते. त्यांना त्यांनी आग्रह करकरून या कामात ओढलं. १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्डच्या छापखान्याशी करार झाला आणि मरे संपादक झाले.

मग फर्निव्हल यांच्याकडून दप्तर आलं. दप्तर कसलं, जवळपास दोन टन कागद! पोत्यांत, खोक्यांत, हाऱ्यांत कोंबलेला. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला. दुसऱ्यात एक उंदरीण पिलांसकट कागदाच्या घरट्यात सुखानं नांदत होती. ‘आय’ अक्षराच्या चिठ्ठ्या ज्या हाऱ्यात होत्या त्याचा तळच फुटलेला. ‘एच’ अक्षर इंग्लंडमध्ये नव्हतंच, ते थेट इटलीतल्या फ्लॉरेन्सला एका अमेरिकन राजदूताकडे होतं. ‘पी’मधल्या काही चिठ्ठ्या आयर्लंडमधल्या एका तबेल्यात सापडल्या, तोवर त्यातल्या पुष्कळशा शेकोटी पेटवायला वापरून झाल्या होत्या. बिचारे मरे! बागेत पत्र्याची एक खोली बांधून, तिला हजारावर कप्पे करून ते हा पसारा आवरत बसले.

हे वाचताना मला हसू आलं आणि पोटात गोळाही आला. एका संस्थेचं काम हाती घेताना मला मागच्या मंडळींकडून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि वाळवी लागलेलं एक इतिवृत्ताचं रजिस्टर मिळालं होतं. सभासदांची यादी म्हणे कुणाच्या तरी डायरीत होती. ज्यांनी ते काम केलं त्यांची तळमळ खोटी नव्हती. पण फुकट केलेल्या कामाचा हिशेब कोण विचारणार, असं आपण मनाशी धरतो आणि तिथेच फसतो. त्या पोत्यांमधली एकेक चिठ्ठी कुणीतरी रात्री दिव्याच्या उजेडात, घरचं सगळं आवरून लिहिलेली होती. ती उंदरानं कुरतडली म्हणजे वाया कोण गेलं? फर्निव्हल नव्हे. ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत अशी माणसं वाया गेली.

फर्निव्हल यांचा दुसरा दोष म्हणजे जीभ. भांडायला उठले की त्यांना भान राहत नसे. कवी स्विनबर्न यांच्याशी शेक्सपिअरवरून त्यांचं वाजलं, तेव्हा दोघांनी एकमेकांच्या आडनावांची विडंबनं करून छापण्यापर्यंत मजल गेली. १८८१ च्या सुमारास या भांडणाला कंटाळून शेक्सपिअर सोसायटीतल्या बड्या बड्या मंडळींनी राजीनामे दिले. समितीतलं भांडण चव्हाट्यावर गेलं की संस्था कशी मोडकळीला येते, हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको.

बायकांच्या बाबतीत हा माणूस काळाच्या खूप पुढे होता. त्यांच्या मंडळांत बायकांना मज्जाव नसे, आणि त्या नुसत्या चहा द्यायला नसत. ब्राउनिंग सोसायटी त्यांनी एमिली हिकी या कवयित्रीच्या बरोबरीनं काढली. कार्ल मार्क्सची धाकटी मुलगी एलिनॉर त्यांच्या सभांना येई, काम करी. डिक्शनरीसाठी चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतही बायका पुष्कळ. बाथ या गावच्या एडिथ थॉम्पसन आणि त्यांची बहीण, या दोघींनी हजारो नोंदी पाठवल्या. एडिथबाईंनी तर पुढे वर्षानुवर्षं प्रुफंही वाचली.

आणि घरात? ही बाजू सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. १८६२ मध्ये फर्निव्हल यांनी एलिनॉर डॅल्झिएल या मुलीशी लग्न केलं. ती त्यांच्यापेक्षा खालच्या समजल्या जाणाऱ्या थरातली होती, म्हणून कुजबुज झाली. यांनी पर्वा केली नाही. त्यांची पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली. मग मुलगा झाला. १८६६ मध्ये ओव्हरेंड गर्नी ही लंडनची बडी पेढी बुडाली आणि फर्निव्हल यांचा वडिलोपार्जित पैसा तिच्यात गेला. मंडळं मात्र चालूच. नवऱ्याला पगार नाही, गाठीचं गेलेलं, आणि घरात पोत्यांनी कागद! तो संसार एलिनॉरनं कसा रेटला असेल, ते तुम्हीच मनाशी आणून बघा.

वीस वर्षांनी शेक्सपिअर सोसायटीच्या कामात टीना रॉचफर्ट-स्मिथ ही विशीतली मुलगी आली. मोठी बुद्धिमान. ‘हॅम्लेट’ नाटकाचे चार पाठ शेजारी शेजारी मांडून तिनं एक आवृत्ती तयार करायला घेतली. असलं किचकट संपादन आजही भल्याभल्यांना घाम फोडील. अठ्ठावन्न वर्षांचे फर्निव्हल तिच्यात गुंतले आणि १८८३ मध्ये बायकोपासून वेगळे झाले. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांत, जुने कागद जाळताना टीनाच्या कपड्यांनी पेट घेतला. त्या भाजण्यातच ती गेली. वय एकवीस-बावीस. तिच्या ‘हॅम्लेट’चा नमुन्यापुरता भाग तेवढा छापला गेला. फर्निव्हल यांनी तिच्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. एलिनॉरवर कुणी पुस्तक लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

तरीही या माणसाला एका शब्दात निकालात काढणं मला जमत नाही. १८८४ मध्ये सरकारनं त्यांना वर्षाला दीडशे पौंडांचं मानधन सुरू केलं, म्हणजे उतारवयात थोडी सोय झाली. ब्रिटिश म्युझियममध्ये दिवसभर वाचायचं आणि मग जवळच न्यू ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या चहाच्या दुकानात मंडळी जमवायची, हा त्यांचा परिपाठ. तिथे चहा देणाऱ्या मुलींकडे त्यांचं लक्ष गेलं. आठवडाभर उभ्यानं काम, सुटी फक्त रविवारची, आणि त्या सुटीत करायला काही नाही. फर्निव्हल स्वतः पट्टीचे वल्हवणारे. १८९६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांनी थेम्सच्या काठी हॅमरस्मिथला खास मुलींसाठी नौकाक्लब काढला. दुकानात काम करणाऱ्या मुली रविवारी होड्या वल्हवू लागल्या. पुढे १९०१ मध्ये पुरुषांनाही प्रवेश मिळाला. ऐंशी ओलांडल्यावरही म्हातारबुवा त्या मुलींबरोबर रविवारी नदीवर असत. त्यांच्या नावाचा तो क्लब आजही आहे आणि शेजारच्या बागेलाही त्यांचंच नाव आहे. ते गेल्यावर निघालेल्या आठवणींच्या पुस्तकात मोठमोठ्या प्राध्यापकांबरोबर चहाच्या दुकानातल्या एका मुलीचाही लेख आहे.

डिक्शनरीचं संपादकपद सोडल्यावर ते रुसून घरी बसले नाहीत, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडे अध्यक्षपद गेलं की माणूस सभेलाच यायचा बंद होतो. फर्निव्हल पुन्हा साधे स्वयंसेवक झाले. रोजचा पेपर वाचताना नवा शब्द दिसला की कात्री चालवायची आणि चिठ्ठी मरे यांना पाठवायची. मरे यांच्या डोक्याला त्यांनी ताप दिला नाही असं नाही, सूचनांचा मारा चालूच असे. पण अशा हजारो चिठ्ठ्या शेवटपर्यंत त्या पत्र्याच्या खोलीत पोचत राहिल्या.

१९१० मध्ये डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की आता फार तर सहा महिने. त्यांनी मरे यांना तसं कळवलं, जसं आपण एखाद्या सभेला येता येणार नाही म्हणून कळवतो, तितक्या सहजपणे. ‘टेक’ हा साधा दिसणारा शब्द, पण त्याची नोंद प्रचंड मोठी होत होती. वेळ निघून जाण्याआधी ती तुम्हाला बघायची आहे का, असं मरे यांनी त्यांना विचारलं. दोन संपादकांमधला हा निरोप मला कुठल्याही मानपत्रापेक्षा मोठा वाटतो. २ जुलै १९१० रोजी फर्निव्हल गेले. डिक्शनरी पुरी झाली १९२८ मध्ये, दहा खंड, चार लाखांहून जास्त शब्द. तोवर मरे यांनाही जाऊन तेरा वर्षं झाली होती.

मैत्रिणींनो, आजही जगभर संपादकांच्या, भाषेच्या संस्था अशाच चालतात. इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या संपादक आणि मुद्रितशोधकांनी १९८८ मध्ये आपली संघटना काढली, तिला २०२० मध्ये राजसनद मिळाली. अशा संघटनेत सुद्धा सभेचं इतिवृत्त लिहिणारं, नव्या सभासदाला हात धरून शिकवणारं कुणीतरी आपला वेळ खर्ची घालत असतंच. आपल्या मंडळांत वेगळं काय आहे?

मरे यांनी एक केलं. १८८८ मध्ये पहिला खंड निघाला तेव्हा प्रस्तावनेत चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांची नावं आवर्जून छापली. पैसा देता आला नाही, नाव तरी दिलं. एवढं आपल्या हातात नक्की आहे. अंकाच्या शेवटच्या पानावर ज्यांनी प्रुफं वाचली त्यांची नावं घालायची. पद सोडताना रजिस्टर, याद्या, हिशेब नीट बांधून पुढच्या बाईच्या हातात द्यायचे. आणि आपण मीटिंगला गेलेलो असताना घरी कुकर लावणारं जे कुणी असतं, मग ती सासू असो, मुलगी असो की नवरा, त्या माणसाला गृहीत धरायचं नाही.

लष्कराच्या भाकऱ्या जरूर भाजाव्यात. मीही भाजणारच आहे. फक्त पीठ कुणाच्या घरचं आहे, ते विसरू नये.